दोन खोल्यांची अट

जानेवारीतला मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, भोपाळकरांना नवा नाही. सकाळी छान ऊन असतं, दुपारी आभाळ राखाडी होतं आणि चहाचा कप ओठाला लावेपर्यंत बारीक, बोचरी सर अंगावर येते. त्या दिवशीही ती तशीच आली. छत्री आणली नाही म्हणून हळहळायलासुद्धा कांचन पुराणिकला वेळ मिळाला नाही. कारखान्याच्या टाऊनशिपच्या टोकाला नवी क्वार्टर्स उठत होती. तिनं लूना कडुनिंबाखाली लावली, पर्स डोक्यावर धरली आणि समोर जे पहिलं छप्पर दिसलं त्याखाली पळाली.

छप्पर कसलं... नुसता स्लॅब. भिंतींना गिलावा नाही, खिडक्यांना चौकटी नाहीत, आत ओल्या सिमेंटचा थंडगार वास. आणि त्या अर्धवट खोलीत करड्या स्वेटरमधला एक उंच तरुण, टाहो फोडणारं तान्हं मूल छातीशी धरून येरझारा घालत होता.

"बे एके बे... बे दुणे चार... बे त्रिक सहा..."

कांचन दारातच थबकली. भोपाळात, विटांच्या राशीत, मराठी पाढे!

"बे चोक आठ... अगं रडू नको ना... बे पंचे... बे पंचे..." त्या तान्ह्या मुलीनं त्याचा कान असा काही पिळला होता की बिचारा पाढा विसरला.

"दहा," कांचन म्हणाली.

तो गर्रकन वळला. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटकेची भावना पसरली, की तिला हसू आवरेना.

"तुम्ही हे काय करून राहिलात?"

"अंगाई येत नाही हो मला. म्हटलं, पाढे तरी..." तो बोलता बोलता थांबला. डोळ्यांत मिश्कील काहीतरी चमकलं. "‘करून राहिलात’? म्हणजे इंदूरच्या तुम्ही."

"उज्जैनची. आणि तुम्ही?"

"मूळचे सांगलीचे. वडील इथे कारखान्यात आले, मग मीही इथेच. नरहर सोहोनी."

"नरहर?" कांचननं ओठ दाबून धरले. "हे तर कुणाच्या तरी आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच आहे. त्यांचं वापरून झाल्यावर मला दिलं."

आता मात्र ती खळखळून हसली. हसता हसताच तिनं हात पुढे केले आणि मूल घेतलं. ओढणीच्या कोरड्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, खांद्यावर टाकलं, पाठीवर हलके थोपटलं. पोर हुंदके देत देत गप्प झालं.

"आई कुठेय हिची?"

"वर. दुसऱ्या मजल्यावर सिमेंटच्या मसाल्याची घमेली वाहतेय. थावरी नाव तिचं, झाबुआकडची. खाली परांचीच्या बल्ल्यांना झोळी बांधून हिला ठेवलेलं असतं. पाऊस आला आणि झोळीत पाणी साचायला लागलं... मग मी उचललं."

"तुम्ही इथे कोण?"

"ज्युनिअर इंजिनिअर. ही साइट माझ्याकडे आहे." त्यानं केसांवरचं पाणी झटकलं. "आणि तुम्ही?"

"श्रम निरीक्षक. ही साइट आता माझ्याकडेही आहे."

नरहरनं ओला स्वेटर ओढून नीट केला.

"म्हणजे... मी आता घाबरायला हवं?"

"थोडंसं," कांचन म्हणाली. "फार नाही."

सर ओसरली तशी दोघं बाहेर आली. वाळूच्या ढिगावर फाटक्या ताडपत्रीखाली पाच-सहा मुलं एकमेकांना चिकटून बसली होती, थंडीनं नाकं लाल झालेली. एक चिमुरडी मात्र उठून विटा भिजवायच्या हौदाकडे गेली होती. हौदाला कठडा नव्हता. ती काठावर पोटावर पडून पाण्यात कडुनिंबाची पानं सोडत होती. एक पान लांब गेलं, आणि ते धरायला ती पुढे सरकली... आणखी पुढे...

कांचनच्या हातात मूल. ओरडायलाही तिला आवाज फुटेना. नरहर मात्र धावला आणि त्यानं फ्रॉकला धरून चिमुरडीला मागे ओढलं. तिला काय झालं तेही कळलं नाही. पान गेलं म्हणून ती भोकाड पसरून रडू लागली.

नरहर काही वेळ काठावरच बसून राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सोहोनी," कांचनचा आवाज आता निराळाच होता, "ठेक्यावर वीस किंवा जास्त बायका कामाला असतील, तर त्यांच्या मुलांसाठी दोन खोल्या द्याव्या लागतात. एक खेळायला, एक झोपायला. सांभाळायला बाई. परवाना देतानाच ठेकेदाराला ही अट घातलेली असते. तुमच्या ठेकेदारानं कुठे केल्यात या खोल्या?"

"असा नियम आहे?" त्यानं विचारलं. मग चिमुरडीकडे बघत हळूच म्हणाला, "रोज बघतो मी या मुलांना. वाळू असते, विटा असतात, तशी तीही असतात, असंच वाटायचं मला... कधी मनातच आलं नाही."

तो कारणं देत नव्हता, बाजू सावरत नव्हता. कांचनला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं मूल त्याच्या हातात परत दिलं.

"तीनचा पाढा घ्या आता," ती म्हणाली, आणि लूनाकडे वळली.

ठेकेदाराला नोटीस गेली. ठेकेदार म्हणजे मनोहरलाल. पान खाणारा, हात जोडणारा, तोंडावर ‘जी मॅडम’ म्हणणारा आणि पाठ फिरली की विसरणारा माणूस. त्यानं ‘कर देंगे, कर देंगे’ म्हणत पुढचा आठवडा काढला, मग त्याच्या पुढचाही.

कांचन शिवाजीनगरमध्ये मावशीकडे राहायची. मावशीचे यजमान मंत्रालयात होते. सरकारी क्वार्टर, मागे पेरूचं झाड, अंगणात मावशीची शेवंती. इंदुमती मावशीला दोन गोष्टींचा शौक – लोणची घालणं आणि लग्नं जमवणं. ग्वाल्हेरचं एक स्थळ ती कांचनच्या मागे लावून बसली होती.

"बँकेत आहे गं मुलगा. एकदा बघ तरी."

"बघते मावशी, हे काम संपू दे."

"कसलं गं ते काम? हल्ली रोज टाऊनशिपकडेच जातेस. आणि हसत काय येतेस?"

"मी? हसत?" कांचन आरशासमोर गेली आणि पटकन मागे फिरली. हसत होती खरी.

कारण होतंही. साइटवर गेली की नरहर कुठून तरी येऊन उभा राहायचा. हौदाला आता बांबूचा कठडा झाला होता. तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दोघं कामाचं बोलायची. पण कामाचं बोलताना तो तिच्या लूनाच्या सीटवरची सिमेंटची धूळ रुमालानं पुसून ठेवायचा... आणि ती निघताना सीटकडे बघायची, त्याच्याकडे नाही.

एका दुपारी तो वाटच बघत होता. "चला, काहीतरी दाखवायचंय."

नव्या क्वार्टर्सची पहिली ओळ तयार होती. त्यातलं कोपऱ्यातलं घर त्यानं उघडलं. आत शिरताच कांचन थांबली. खाली जाड सतरंज्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ, खिडकीला जुन्या साडीचा पडदा. एका खोलीत छताच्या कडीला झोळी टांगलेली, दुसरीत रंगवलेली लाकडी गाडी. आणि मुलं! तीच लाल नाकांची पोरं सतरंजीवर लोळत होती. थावरीची सासू भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर नात गाढ झोपलेली.

"दोन खोल्या," नरहर म्हणाला. आवाजात न लपणारा आनंद. "एक खेळायला, एक झोपायला. मोजून घ्या."

"हे घर कुणाचं?"

"माझं. म्हणजे मला अलॉट झालंय. मी तर आई-बाबांकडेच राहतो, रिकामंच पडलं होतं." मग किंचित थांबून, दुसरीकडे बघत, "आई म्हणत होती, लग्नाला उपयोगी पडेल... पण ते काय, आत्ता कुठे..."

कांचन झोळीपाशी गेली. तिनं झोळीला हलका झोका दिला. ही साडी आईची असणार. ही गाडी त्यानं स्वतः रंगवली असणार. अंगठ्याच्या नखात अजून निळा रंग आहे. असं माणूस... आणि आता त्याला काय सांगायचं होतं!

"सोहोनी... फार सुंदर केलंत तुम्ही हे."

"पण?"

"पण मी हे मान्य करू शकत नाही."

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"कारण हे मनोहरलालनं केलेलं नाही. तुम्ही केलंय. उद्या तुमची बदली झाली, तुमचं लग्न झालं, साहेबांनी नाही म्हटलं, की मुलं पुन्हा वाळूवर. या बायकांना तुमच्या चांगुलपणावर अवलंबून का राहावं लागावं? हक्काचं आहे त्यांचं."

"पोरं थंडीत कुडकुडतायत, आणि तुम्ही नियमाचं बोलताय?"

"मुलं इथेच राहू देत. आजच काय, महिनाभर राहू देत. मला आनंदच आहे. पण माझ्या लेखी ठेकेदारानं खोल्या दिलेल्या नाहीत, आणि मी तसंच कळवणार."

"कमाल आहे तुमची!" नरहर पहिल्यांदाच चिडला. "माणसानं मनापासून काही केलं तरी तुम्ही त्यात कलम शोधणार."

कांचन वळली. बाहेर आली. सीट आज पुसलेली नव्हती. धुळीवरच बसून ती निघाली, आणि रस्ताभर स्वतःशीच भांडत राहिली. बरोबर बोललो आपण... मग डोळे का भरून येताहेत?

तिचं बरोबर ठरायला चारच दिवस लागले. टाऊनशिपमधल्या कुणीतरी तक्रार केली – नव्या कोऱ्या क्वार्टरमध्ये मजुरांची पोरं, उद्या आमच्या दारात येतील. मोठ्या साहेबांनी नरहरला बोलावून झापलं. घर कारखान्याचं आहे, धर्मशाळा नाही. संध्याकाळपर्यंत रिकामं करा. संध्याकाळी सतरंज्या बाहेर आल्या. मुलं गाडी घेऊन वाळूच्या ढिगावर परतली.

दुसऱ्या दिवशी नरहर महाराणा प्रताप नगरात, कांचनच्या ऑफिसच्या दारात उभा होता.

"तुम्ही म्हणालात तेच झालं," तो म्हणाला.

ती ‘बघा’ म्हणाली नाही. खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "चला, चहा घेऊ."

खाली कोचिंग क्लासच्या पोरांची गर्दी होती. कोपऱ्यातल्या टपरीच्या बाकावर दोघं बसली. आल्याचा वास, वाफ, फेब्रुवारीचं कोवळं ऊन. तो बराच वेळ ग्लास नुसता हातात फिरवत बसला.

"थावरी मला काहीच बोलली नाही," तो म्हणाला. "सतरंजीची घडी करून हातात दिली आणि म्हणाली, ‘साब, तुम अच्छे आदमी हो.’ इतकं वाईट वाटलं ना... शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"मला शिव्या दिल्या तिनं," कांचन म्हणाली. "काल गेले होते. म्हणाली, तुमच्या कागदापायी ठेका बंद झाला तर आम्ही जायचं कुठे? झाबुआला शेत कोरडं पडलंय."

"मग?"

"मग काय? खरंच आहे तिचं. मी म्हटलं, काम बंद पाडायचं नाहीये मला, काम नीट करून घ्यायचंय. ती म्हणाली, ‘वो तो सब बोलते हैं.’" कांचन थोडं हसली. "मग तासभर तिच्याजवळ बसले. सगळ्याच आल्या हळूहळू. परवानगी मागायची नाही, अट आहे, मागून घ्यायची – एवढंच सांगत राहिले."

"आता पुढे?"

"मंगळवारी माझे वरिष्ठ येणार तपासणीला. मनोहरलालनं कळवलंय की त्याच्याकडे बायका मोजक्याच आहेत. वीसही नाहीत. म्हणजे अटच लागू नाही."

नरहर ताठ झाला. "साफ खोटं! तीसच्या वर बायका आहेत. मी रोज..." तो थांबला. त्याला उमगलं.

"हो," कांचन हळू आवाजात म्हणाली. "साइटवर रोज उभे तुम्ही असता. तुम्हाला विचारतील. तुमच्या साहेबांसमोर."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. नरहरनं ग्लास बाकावर ठेवला.

"मी तुम्हाला काही सांगत नाहीये," कांचन म्हणाली. "आणि एक... माझ्यासाठी म्हणून काही बोलू नका. त्यांच्यासाठी बोलायचं असेल तर बोला."

नरहरनं तिच्याकडे पाहिलं. सरळ, पहिल्यांदाच इतका वेळ.

"त्यांच्यासाठीच बोलेन," तो म्हणाला. "तुमच्यासाठी... तुमच्यासाठी मला दुसरं काहीतरी बोलायचंय."

कांचनच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ग्लास खाली ठेवताना चहा थोडा सांडला.

"तेही आत्ता नको," ती म्हणाली. "हे प्रकरण मिटेपर्यंत नको. आणि तोवर आपण असं भेटायचंही नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की इंजिनिअर आणि इन्स्पेक्टरची आधीपासून मिलीभगत होती."

"मिलीभगत," त्यानं तो शब्द चाखून पाहिल्यासारखा उच्चारला. "छान शब्द आहे. आमच्या सांगलीत नाही."

मंगळवारची सकाळ. कांचन तिच्या वरिष्ठांबरोबर जीपमधून उतरली तेव्हा साइटवर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मनोहरलालचा मुकादम बायकांना ट्रॉलीत चढायला सांगत होता. कोटरा सुल्तानाबादला दुसरं काम आहे म्हणे, आजच्यापुरतं. एरवी अशी ट्रॉली आली की बायका निमूट चढायच्या. आज एकही हलली नाही. थावरी तर लेकीला कडेवर घेऊन सरळ ट्रॉलीच्या पुढ्यातच बसली होती.

टाऊनशिपचे मोठे साहेब आले होते. त्यांच्या मागे नरहर, धुतलेला शर्ट, घट्ट मिटलेले ओठ. त्यानं कांचनकडे बघितलंसुद्धा नाही.

"ये सब औरतें?" वरिष्ठांनी बोट दाखवून मनोहरलालला विचारलं.

"लेबर थोडे ही हैं साहब," मनोहरलाल हात जोडून हसला. "घरवालियाँ हैं इनकी. मर्दों को रोटी देने आई हैं."

थावरी उठली. पदर खोचला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं.

"रोटी देने आई थीं, साब? तो ये दूसरी मंज़िल ऊपर कौन चढ़ाया? रोटी?"

मजुरांमध्ये हशा पिकला. जीपचा ड्रायव्हरही तोंड फिरवून हसला. मनोहरलालचं पान तोंडातच राहिलं. वरिष्ठांनी मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नरहरकडे वळले.

"साइट इंजिनिअर आप हैं? आप बताइए. काम पर कितनी औरतें रहती हैं?"

मोठे साहेब खाकरले. नुसते खाकरले; पण त्या खाकरण्याचा अर्थ टाऊनशिपमधल्या प्रत्येकाला कळत होता. नरहरचे वडील, नीळकंठराव, निवृत्तीला आलेले होते. घर कारखान्याचं, दवाखाना कारखान्याचा, बढतीही याच साहेबांच्या हातातली. कांचननं श्वास रोखून धरला. तिला एकदम वाटलं, नको... गप्प राहिला तरी चालेल, मी समजून घेईन.

"तीस से ऊपर," नरहर म्हणाला. आवाज शांत होता. "साल भर से. मिट्टी, मसाला, ईंटें... सब यही ढोती हैं. और बच्चों के लिए यहाँ कोई कमरा नहीं है. मैंने अपना क्वार्टर दिया था, वो खाली करवा लिया गया."

वर कुठेतरी बल्लीवर बसलेलं कबुतर फडफडलं.

"धन्यवाद," वरिष्ठ म्हणाले, आणि लिहू लागले.

त्यानंतर मात्र गोष्टी भराभर घडल्या. खोल्या झाल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण नाही, असं वरिष्ठांनी ठणकावून सांगितलं; आणि ठेकेदारानं केलं नाही तर कारखान्यालाही जाब द्यावा लागेल, हेही मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. मनोहरलालला एकाएकी विटा सापडल्या, पत्रे सापडले, गवंडी सापडले. कडुनिंबाच्या सावलीत दोन खोल्या उभ्या राहिल्या. मुलं सांभाळायला थावरीच्या सासूला रोजावर घेतलं. बायकांनीच तसं ठरवलं होतं, आणि मनोहरलालला ते ऐकावं लागलं. म्हातारी पहिल्या दिवशी एवढी ऐटीत बसली, की सुनेलाही आत सोडेना. "बच्चे सोते हैं," म्हणे.

आणि नरहरची बदली झाली. सिंगरौलीकडे, एका वीजप्रकल्पाच्या साइटवर. ‘कामाच्या सोयीसाठी’ असं आदेशात म्हटलं होतं. कुणाच्या सोयीसाठी ते सांगायची गरज नव्हती.

कांचनला हे ऑफिसातच कळलं. त्या संध्याकाळी ‘सोहोनींची बदली झाली’ एवढंच ती मावशीला म्हणाली. पेरूखाली बसून राहिली. मावशी शेवंतीला पाणी घालत होती. घालता घालता म्हणाली, "ग्वाल्हेरवाल्यांना नाही म्हणून कळवू का गं?"

कांचननं वर पाहिलं. मावशी झाडाशीच बोलत असल्यासारखी खाली वाकलेली.

"कळव," कांचन म्हणाली. "पण मावशी, तुला कसं..."

"लोणचं मुरलं की बरणी न उघडताही कळतं मला," मावशी म्हणाली. "जा. तो काही आपणहून यायचा नाही. बदली झालेला माणूस आहे, अवघडून बसला असेल."

पण कांचन दुसऱ्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आधी तिला दुसरं एक काम करायचं होतं, वरिष्ठांच्या केबिनमध्ये. ते झालं, आणि रविवारी सकाळी तिनं मोरपंखी साडी नेसली आणि सोहोनींच्या दाराची बेल वाजवली.

दार नीळकंठरावांनी उघडलं. हातात वर्तमानपत्र, नाकावर चष्मा.

"काका, मी कांचन पुराणिक."

नीळकंठरावांनी चष्म्यावरून तिच्याकडे नीट बघितलं. ती घाबरली. यांच्या मुलाची बदली आपल्यापायी झाली...

"तूच होय ती?" ते म्हणाले. "त्या दिवशी घरी येऊन नरहर म्हणाला, बाबा, मी साहेबांच्या तोंडावर खरं बोललो. मी म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, भूक लागलीय. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला पठ्ठ्या." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "गच्चीवर आहे. जा वर. मी हिला पोहे टाकायला सांगतो."

गच्चीवर निरभ्र ऊन होतं. समोरच्या रस्त्याकडेची काटेसावर लालभडक फुलली होती, आणि तिच्यावर साळुंक्यांचा नुसता गोंधळ चालला होता. नरहर ट्रंकेला दोरी बांधत होता. तिला बघून दोरीचं टोक त्याच्या हातातून सुटलं.

"तुम्ही? इथे?"

"प्रकरण मिटलं," कांचन म्हणाली. "म्हटलं, भेटायला हरकत नाही आता."

तो उठून उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. तिलाही कळेना. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात," ती म्हणाली.

"होतो." तो काटेसावरीकडे बघू लागला. "पण आता... कुठे सिंगरौली, कुठे भोपाळ. तिथे राख, धूळ, वर्षातले आठ महिने भाजून काढणारं ऊन. तुमची नोकरी इथली, ती तुम्ही सोडू नये. आणि कुणासाठी सोडणाऱ्यातल्या तुम्ही नाहीच."

"नाहीच सोडणार."

"तेच म्हणतोय मी. मग उगाच बोलून तुम्हाला..."

"त्या भागात श्रम निरीक्षकाची एक जागा आहे," कांचन त्याला मध्येच तोडत म्हणाली. "कधीची रिकामी पडलीय. कुणी जायलाच तयार नाही. मी मागून घेतली."

नरहर तिच्याकडे बघतच राहिला.

"काय?"

"आमचे साहेब म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केला. दगडखाणी आहेत तिकडे, दूरदूरचे मजूर येतात, त्यांच्याकडे बघायला कुणी नाही. कामाची जागा आहे ती. उगाच तुझ्यासाठी येतेय असं समजू नकोस."

‘तुझ्यासाठी’... ‘समजू नकोस’... तोंडून निघून गेलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पण मागे घ्यावंसं वाटेना. नरहरच्या चेहऱ्यावर हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यातून हसू उजळत गेलं.

"नुसती दगडखाणींसाठी?"

"मुख्यतः."

"आणि उरलेली?"

ती गप्प. साळुंक्या मात्र गप्प बसायला तयार नव्हत्या.

"मग तर पंचाईतच आहे," नरहर एक पाऊल जवळ येत म्हणाला. "तिथेही माझी साइट असणार, ठेकेदार असणार. म्हणजे तू येणार, नोटिसा काढणार, प्रकरण मिटेपर्यंत भेटायचं नाही म्हणणार... आयुष्य जायचं माझं असंच."

"तुझी साइट माझ्याकडे येणारच नाही."

"का बरं?"

कांचननं मान वर केली. गाल काटेसावरीसारखे झाले होते, पण आवाज अगदी तपासणीला आल्यासारखा ठाम.

"नवऱ्याच्या साइटची तपासणी बायकोला करता येत नाही," ती म्हणाली. "साहेबांना विचारून आलेय मी."